अबू मिज्हम यांची न प्यायलेली कॉफी

कुणी नवं भेटलं की अबू मिज्हम आधी घराणं विचारत, मग आजोळ. चहातला पुदिना स्वतः चुरडत. फोनवर "बघतो" म्हणत. "नाही" कधीच नाही. दुसऱ्याच्या कामाला निघताना बूट चकचकीत पुसत. स्वतःच्या घरचा नळ मात्र गळत राही.

जॉर्डनमधलं अख्खं करक गाव त्यांना 'वास्ता' म्हणे. वास्ता म्हणजे मधला माणूस. नोकरीत तो वशिला, भांडणात समेट, लग्नात मध्यस्थी. काम कुठलंही असो, दार त्यांचंच.

शेजारच्या मुहन्नदला या शब्दाचीच चीड होती. साहित्याची पदवी घेऊन शाळेतली नोकरी त्याने कुणाचंही नाव न सांगता मिळवली. "वास्त्याच्या दारात पाय ठेवणार नाही," असं चारचौघांत बोललाही.

मग रनीमशी लग्न ठरवायची वेळ आली. तिचे वडील अबू सख्र म्हणाले, "मागणी घालायला वडीलधारे आण." मुहन्नद मुकाट्याने शेजारी गेला.

"काय मास्तर, वाट चुकलात?"

"काका, लाजवू नका."

"बघतो."

शुक्रवारी वडीलधारे अबू सख्रच्या बैठकीत ओळीने बसले, मधोमध अबू मिज्हम. कॉफी आली. अबू मिज्हम यांनी पेला तसाच समोर ठेवला. मागणी घालणाऱ्यांनी होकार मिळेपर्यंत कॉफीला शिवायचं नसतं. मुहन्नदला हे ठाऊक होतं. पण त्याच्या घशाला कोरड पडली होती. भानावर आला तेव्हा त्याचा पेला रिकामा होता.

सगळ्यांच्या नजरा त्या पेल्याकडे वळल्या.

"पोरगा प्यायला," अबू सख्र भुवया चढवून म्हणाले. "म्हणजे त्याला आता काही मागायचं नाही?"

मुहन्नदने रिकामा पेला घाईने खाली ठेवला. रनीम हातची जाणार.

अबू मिज्हम सावकाश म्हणाले, "तुमच्या मोठ्या मनाची त्याला एवढी खात्री, की होकार त्याला आधीच ऐकू आला. मागे राहिलात ते तुम्हीच!"

आधी पडद्याआडच्या बायका हसल्या, मग सगळी बैठक. अबू सख्र मिशीत हसले.

"मुलगी दिली. प्या आता! पण अबू मिज्हम, माझंही एक काम होतं. हा गुडघा... अम्मानचा तो डॉक्टर तारीखच देत नाही."

"बघतो." अबू मिज्हम फोन कानाला लावून अंगणात गेले. "हं, कोण बोलतंय? आजोळ कुठलं तुझं, बाळा?"

आत आनंदाच्या किलकाऱ्या उठल्या. सगळ्यांनी पेले ओठांना लावले. मुहन्नद थक्क होऊन अबू मिज्हम यांच्या मधल्या पेल्याकडे बघत राहिला. त्याला कुणीच शिवलं नव्हतं.