शुभ बायोडाट्याच्या पोटात

आमच्या नात्यात लग्नाचा बायोडाटा कुणी नवा करत नाही. ज्या मुलीचं लवकर जमलं, तिच्या बायोडाट्याची फाईल मागून आणायची, तिचं नाव, जन्मवेळ, शिक्षण काढायचं आणि त्याच जागी आपल्या मुलीचं टाकायचं. त्या फाईलीचा हात चांगला असतो म्हणतात. मेहुण्यांनी, म्हणजे बायकोच्या भावानं, त्यांच्या मुलीचा बायोडाटा आमच्याच घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर केला होता. त्या बायोडाट्यावर तिचं पिंगळीला पहिल्याच स्थळी जमलं. तीच फाईल आम्ही आमच्या मुलीसाठी वापरली, आमचंही जमलं. मग पेडगावचं एक घर आणि झरीची दोन घरं ती घेऊन गेली. मला हिशोबात न बसणारं काही पटत नाही, पण कुणी मागितली तर नाही म्हणवत नव्हतं.

मागच्या आठवड्यात पिंगळीच्या विहीणबाईंचा, म्हणजे मेहुण्यांच्या मुलीच्या सासूचा, फोन आला. त्यांना धाकट्या मुलीचं बघायचं होतं.

"भाऊ, ती तुमची फाईल पाठवा बरं. लय शुभ हाय म्हणं."

"सुरुवात तुमच्याच घरापासून झाली की."

"म्हणून तर! सून आणली तिनं, आता लेक लावून देऊ द्या."

पाठवायला बसलो आणि फाईलीचा आकार दिसला. पान एकच, त्यात फोटोही नाही. तरी ती मुलीच्या नोकरीच्या चार पानी अर्जापेक्षा मोठी. मुलगी पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते, लग्नाच्या खरेदीसाठी आलेली होती. तिला म्हणालो, "एका पानात एवढं काय मावलंय?"

"पप्पा, तुम्ही किराण्याची पुडीसुद्धा परत तोलून बघता," ती हसली. पण तिनं लॅपटॉप ओढला, काळी खिडकी उघडली आणि एक कमांड दिली. फाईल उघडायची नाही, तिच्या पोटात जे आहे ते जसंच्या तसं दाखवायचं, एवढंच काम ती कमांड करते. डावीकडे आकड्यांच्या रांगा आल्या, उजवीकडे त्याच आकड्यांची अक्षरं. बरीचशी नुसती टिंबं. मला ते आवडलं. प्रत्येक अक्षराला आपला आकडा.

मग त्या टिंबांतून आमच्या मुलीचं नाव वर आलं. उंची, शिक्षण, मामाकुळ. बायोडाटा इंग्रजीत होता, त्यामुळं वाचता येत होतं. तिथं फाईल संपायला हवी होती. संपली नाही. खाली मेहुण्यांच्या मुलीचं नाव आलं. मी स्वतः पुसलेलं नाव. तिची जन्मवेळ, तिचा पत्ता. आणि त्याखाली, रांगेच्या टोकाशी तुटून पुढच्या रांगेत गेलेलं एक वाक्य: याआधी एकदा साखरपुडा झाला होता, मुलाकडच्यांनी मोडला.

साखरपुडा मोडला हे आम्हा घरच्यांना ठाऊक होतं. मेहुण्यांनी ते आधी लिहिलं आणि मग काढलं, हे ठाऊक नव्हतं.

"हे पुसलेलं आहे ना?" मी विचारलं.

"पानावरून पुसलंय," मुलगी म्हणाली. तिचं हसू गेलं होतं. "जुन्या वर्डमध्ये असं राहायचं. फाईलमधून गेलंच नाही."

म्हणजे तीन घरांना मी बायोडाटा म्हणून हे दिलं होतं. आणि आता तिच्याच सासूच्या हातात द्यायला निघालो होतो.

बायकोनं लगेच भाचीला फोन लावला. ती हळू आवाजात म्हणाली, "आत्या, ह्यांना मी लग्नाआधीच सांगितलंय. सासूबाईंना न्हाई. त्यांना कळलं तर त्या मला काही म्हणणार न्हाईत, माझ्या बापाला म्हणतील. मामांना म्हणावं, पाठवू नका."

मी विहीणबाईंना फोन करून सांगितलं, फाईल जुनी झाली, मुलगी नवी करून देते.

"नवीला काय करू? नवीनं कुणाचं जमलंय? तीच द्या. का तुमचं काम झालं, आता आमाला नको?"

मुलीनं कोऱ्या पानावर तसाच गणपती, तशीच किनार, तीच अक्षरं बसवली. पुन्हा कमांड देऊन शेवटच्या रांगेपर्यंत दाखवली. मी ती पाठवली.

"तीच हाय ना, भाऊ?"

"तीच," मी म्हणालो. लोक माझ्याकडून हिशोब तपासून घेतात, कारण मी खोटं बोलत नाही म्हणतात. तो शब्द तोंडातून इतका सहज गेला की माझं मलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन स्कूटरनं निघालो. जुन्या फाईलीत व्हायरस आहे, ही घ्या, असं सांगायचं ठरवलं होतं. पेडगावच्या घरानं विचारलंही नाही. झरीच्या पहिल्या घरीही काम झालं. दुसऱ्या घरी चहा आला. घरधन्यांनी माझ्यासमोर जुनी फाईल काढून टाकली आणि नवी ठेवली.

"पण एक सांगू का," ते खुशीत म्हणाले, "आमच्या साडूला ती कवाच पाठवली की, जिंतूरला. त्यानं आणखी कुणाला दिली म्हणं. लय शुभ निघाली तुमची फाईल!"

बशीतला चहा माझ्या पायावर सांडला. पुसायचं सुचलं नाही. खिशातून पेन काढलं आणि म्हणालो, "साडूंचा नंबर सांगा."