मायक्रॉन काकूंचा दहावा गुडघा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे मायक्रॉन काकू म्हणत. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन, आणि काकू सांध्याच्या तुकड्याचे पाच मायक्रॉनचे काप काढत. काप काचपट्टीवर ठेवला की त्यातून पलीकडचा माणूस दिसावा, आणि बहुधा तो काम टाळत उभा असावा. तीस वर्षांत या हातोटीचं कौतुक कुणी फारसं केलं नव्हतं. काकूंचं त्यावाचून काही अडत नसे. तेवढं काम त्या स्वतःच उरकून घेत.

नव्या डॉक्टरीणबाईंना संधिवाताने झिजलेल्या गुडघ्यांत कोणते धातू, कोणते क्षार साचतात, हे शोधायचं होतं. शस्त्रक्रियेत काढलेल्या दहा गुडघ्यांचे तुकडे मिळवायला त्यांना वर्ष लागलं. तुकड्यांसोबतच्या अर्जावर ‘पद्धत’ या रकान्यात त्यांनी लिहिलं, नेहमीप्रमाणे. नऊ गुडघ्यांचे काप धातू-क्षार टिपणाऱ्या यंत्रात तपासून झाले, तशा त्या तणतणत आल्या.

“काकू, यंत्र बिघडलंय! नऊ गुडघे, आणि कॅल्शियमचा कण नाही.”

“यंत्र ठणठणीत आहे. हाड मऊ पडावं म्हणून मी ते आधी आम्लात ठेवते. क्षार त्यात विरघळतात. तुमचं संशोधन मी दर मंगळवारी मोरीत ओतलंय.”

डॉक्टरीणबाई मटकन स्टुलावर बसल्या. “अहो, मग सांगायचं नाही का?”

“नेहमीप्रमाणे म्हणालात. मीही विचारलं नाही, ती चूक माझी. एक उरलाय. नखाएवढा.”

तो तुकडा काकूंनी आम्लाविना, तसाच पारदर्शक राळेच्या ठोकळ्यात बसवला. असला दगड त्यांनी कधी कापलेला नव्हता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यातून उजवा अंगठा सहा महिने सुजलेला. “त्या डॉक्टरीणबाईंनाच दाखव की,” कापायच्या दिवशी सकाळी घरी नवरा म्हणाला. “अहो, त्यांना गुडघे लागतात,” म्हणून काकू निघाल्या.

पहिल्या कापाने तुकड्याचा अख्खा कोपरा उपटून आणला. दुसरा मधोमध चिरला. मागे डॉक्टरीणबाईंनी श्वास रोखून धरला.

“बाहेर जा बघू. तुमच्या काळजीने पातं हलतंय.”

मग काकूंनी पातं बदललं, अंगठा कापयंत्राच्या चाकावरून काढून मनगटानेच ते फिरवलं, गोगलगाईला घाई वाटेल इतक्या सावकाश. तिसरा काप सलग उतरला.

दुपारी यंत्राच्या पडद्यावर गुडघा उमटला. सांध्याच्या मऊ कूर्चेत कॅल्शियमचे ठिपके पीठ सांडल्यासारखे, आणि कूर्चा हाडाला मिळते तिथे जस्ताची बारीक, अखंड रेघ.

“काकू, बघा ना, किती साचलंय!” डॉक्टरीणबाईंचा आवाज चिरकला.

काकूंनी चष्मा सारखा केला आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बारकाईने पाहिलं.

“पात्याचा एक ओरखडा नाही,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई ते चित्र मिटवून पुढची आकडेवारी उघडायला गेल्या.

“राहू द्या हो थोडा वेळ,” काकू म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर ऐसपैस बसल्या.