लेण्याचा खोकला

त्या वर्षांत मी कर्जतला शाळामास्तर होतो. विलायतेत शहाणीसुरती माणसं वही-पेन्सिल घेऊन भुतं तपासत हिंडतात, असं एका मासिकात वाचलं आणि मलाही चैन पडेना. गावातले वैद्यबुवा माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, भुताखेतांचे कट्टर वैरी. ते म्हणाले, "चला मास्तर, एकदा सोक्षमोक्ष लावूनच टाकू."

संधी लगेच आली. कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यात दुपारी कुणीतरी खोकतं, आत बघावं तर माणूस नाही, अशी बातमी गुराख्यांनी आणली. भीतीनं त्यांनी तिकडे गुरं नेणंच सोडलं होतं.

दिवाळीची सुटी होती. आम्ही दोघं चालत गेलो आणि एका तुटक्या खांबाशी बसलो. ऊन कलायला लागलं तेव्हा आतून आवाज आला. खॉक्. खॉक्.  मी उठलो, एकेक खोली धुंडाळली. वटवाघळांखेरीज काही नव्हतं.

"वैद्यबुवा, आत कोणी नाही हो!"

"गप्प बसा, ऐकू द्या." त्यांनी डोळे मिटले होते. "कोरडा आहे. बरेच दिवस अंगावर काढलेला दिसतोय."

"पण कोणाचा?"

"ते तुम्ही शोधा. भूतबीत काही नसतं. खोकला मात्र आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अडुळशाचा काढा आणला, भरपूर मध घातलेला. वाटीभर ओतून आतल्या दगडावर ठेवला.

"अहो, ज्याला गळा नाही त्याला काढा?"

"गळा नसता तर खोकला आला असता का?"

 त्यांचं म्हणणं पटल्याचं मी वहीत लिहिलं, हे सांगायला आज लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी वाटी रिकामी होती आणि खोकला ओला झाला होता. "कफ सुटला!" असं ओरडून वैद्यबुवांनी मला मिठीच मारली. वाटी पुन्हा भरून ठेवली. चौथ्या दिवशीही ती रिकामी, म्हणून परत भरली; पण आवाजच नाही.

पाचव्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं वाटी आणायला गेलो, तर ठाकरवाडीतली एक म्हातारी लाकडाची मोळी टेकवून तीच वाटी बोटानं पुसून चाटत होती.

"ह्ये ग्वाड पानी तुमीच ठेवता व्हय? लई ब्येस हाय."

"म्हणजे आजी, खोकत होतात त्या तुम्हीच?" मी विचारलं.

"मी कशाला खोकू? मला काय झालंय? त्या खोकन्याला भिऊन तर मी सकाळचीच येऊन जाते."

वैद्यबुवा लालबुंद झाले. "बाई, ते औषध दुसऱ्याचं होतं!"

"त्याला बरं वाटलं ना पन?" म्हातारी म्हणाली आणि मोळी उचलून चालू लागली.

परतताना वैद्यबुवा रिकामी वाटी घेऊन माझ्यापुढे झपाझप चालत होते. आपलं औषध न घेता रोगी बरा झाला, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

लेणं पुन्हा कधी खोकलं नाही. का खोकत होतं, का थांबलं, मला आजही ठाऊक नाही. गुरं परत तिकडे चरू लागली. बातमी मात्र पार चौक गावापर्यंत पोचली आणि वैद्यबुवांच्या ओटीवर माणसं येऊन बसू लागली. "भुताला गुन आला, मग आमाला का नाय येनार?" असं कुणी म्हणालं, की वैद्यबुवा हो म्हणत नसत, नाहीही म्हणत नसत. नाडी धरून नुसतं सांगत, "जीभ दाखवा."