व्हॉल्व्हची चावी

शिवपुत्र आमदार झाला तो एका लोखंडी चावीमुळं, हे त्याचा वर्गमित्र म्हणून मी छातीठोकपणे सांगतो. मुरुमजवळच्या आमच्या गावात तो ग्रामपंचायतीचा साधा सदस्य होता. पाणी सोडणारा माणूस काम टाकून गेला, तेव्हा दुसरा नेमायचं सोडून हा शहाणा स्वतःच पहाटे टाकीखालचा व्हॉल्व्ह फिरवायला लागला. लोकांनी त्याला सरपंच केलं, मग जिल्हा परिषदेवर धाडलं, मग थेट विधानसभेत. गड्याला नाही म्हणता यायचं नाही. जो येईल त्याला एकच उत्तर, "बघतो." फक्त बायकोला, उमादेवीला, त्यानं कधी तसं टोलवलं नव्हतं. येतो म्हणाला की यायचा.

आमदारकीच्या दहा वर्षांत घराचा एसटी स्टँड झाला. ताटावर बसला की दारात कुणीतरी हजर. नळ कोरडा म्हणून फोन अजूनही त्यालाच! गेल्या उन्हाळ्यात छातीत कळ आली, तर दवाखान्यात उशाशी अर्ज घेऊन माणसं उभी. मला असा संताप आला की दोघांना दंडाला धरून बाहेर काढलं.

"औंदा उभं ऱ्हायचं न्हाय," उमादेवी म्हणाली.

"न्हाय ऱ्हात," तो म्हणाला. दसऱ्याला सोनं द्यायला गाव दारात येतं, तेव्हा सांगायचं ठरलं.

दरवर्षी खंडेनवमीला अवजारांच्या पूजेत उमादेवी ती चावीही मांडायची. यंदा तिनं ती गोठ्यात टाकून दिली.

दसऱ्याच्या संध्याकाळी शिवपुत्रनं अंगणात हात जोडून आपला निर्णय सांगितला. मग म्हातारे बसप्पा म्हणाले, "मग आमच्या पाण्याचं कसं रं, शिवपुत्रा?"

"पाणी सोडीन की म्या," तो बोलून गेला.

झालं! "शिवपुत्र अण्णा उभं ऱ्हाणार!" म्हणून एकच गलका. कुणीतरी गोठ्यातून चावी हुडकून आणली, धुतली आणि कुंकवाचं ताट उमादेवीच्या हातात दिलं. सणाच्या दिवशी, दारात आलेल्या गावापुढं ती काय करणार? तिनं चावीला कुंकू लावलं, मग त्याच्या कपाळाला. खोटं कशाला बोलू, माझ्या नळालाही त्याच्यामुळंच पाणी येतं. मीही तोंड उघडलं नाही.

गर्दी त्याला टाकीकडं घेऊन निघाली. उमादेवीनं उंबऱ्यातून विचारलं, "अवो, जेवायला कवा येणार?"

त्यानं मागं वळून पाहिलं.

"बघतो," म्हणाला.