सड्यावरचा निजलेला

हे माझ्या बायकोला माहीत नाही. भावाला नाही, मुलीला नाही. ज्या एका माणसाला हे कळायला हवं होतं, तिला मी नेमकं उलट सांगितलं – आणि तेही एकदाच नाही.

पण एकदम तिथे येत नाही. आधी पाहुण्यांबद्दल सांगतो.

रत्नागिरीजवळ ज्याचं घर आहे त्याच्याकडे मे महिन्यात पाहुणे येतातच. त्यांना फिरवायचं काम आमच्या घरात माझ्याकडे. रत्नदुर्ग, दीपगृह, ब्रह्मदेशाच्या राजाला आणून ठेवलं होतं तो राजवाडा, त्यातलं संग्रहालय. मग गाडी वळवून उक्षीचा कातळात कोरलेला हत्ती आणि वेळ उरला तर कशेळीचं कातळशिल्प. माहिती मी नीट देतो. जे सिद्ध झालेलं नाही ते सिद्ध झालंय असं म्हणत नाही. किल्ल्यातलं भुयार कुठे निघतं याबद्दल लोक काहीही सांगतात. मी सांगतो, आत जाऊन कुणी मोजल्याचं माझ्या ऐकिवात नाही. कातळावरची चित्रं किती हजार वर्षांची, असं कुणी विचारलं तर म्हणतो, अजून नक्की नाही, अंदाज आहेत. माझा पुण्याचा मेहुणा एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, तुम्ही गाईड नाही, ऑडिटर आहात." सगळे हसले, मीही हसलो. मासळीच्या कारखान्यात हिशेब सांभाळण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, तेव्हा त्याचं काही चुकलं नव्हतं.

लोकांना वाटतं, मला इतिहासाची आवड आहे. आहे का? – असेलही आता. पण ती आवड कुठून सुरू झाली ते मला ठाऊक आहे.

आमच्या घरी माझी आत्या राहायची. वडिलांची थोरली बहीण, लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. माझे आई-वडील गेल्यावर घरातलं वडीलधारं माणूस तीच. ती शाळेत दोन इयत्ता शिकली असेल, पण आमच्या घराचीच नव्हे, अर्ध्या वाडीची आठवण तिच्या डोक्यात होती. कुणाच्या आजोबांचं श्राद्ध कोणत्या तिथीला, कुणाची सोयरीक कुठून कशी जुळते, कुणाच्या परसातली कुठली फणसाची झाडं कुणी लावली – मुंबईहून आलेली माणसंसुद्धा पिशवी खाली ठेवायच्या आधी तिला विचारायला यायची. ती चुकली असं मी कधी ऐकलं नाही. हे मी प्रेमापोटी लिहीत नाही. पडताळून पाहायची सवय आहे म्हणून लिहितो.

गावाच्या डोक्यावर आमचा सडा आहे. सडा म्हणजे उघड्या कातळाचं पठार – उन्हाळ्यात पाय भाजतात आणि पावसात त्यावर हिरवं रान उगवतं. लहानपणी आत्या तिथे गुरं घेऊन जायची. तिथे कातळात कोरलेला एक माणूस होता. हात अंगाशी, पाय फाकलेले, डोकं असून नसल्यासारखं. कुणी कोरला, कशाला, कुणाला पत्ता नव्हता. म्हातारे म्हणायचे, पांडवांनी. गुराखी पोरं त्याला 'निजलेला' म्हणायची. आत्या त्याच्या आत आडवी व्हायची. तिनेच सांगितलं होतं – दर पावसाळ्याआधी ती त्याच्यात निजून बघायची, आपले पाय त्याच्या कुठपर्यंत आले. तिचं लग्न झालं त्या वर्षी गुडघ्यापर्यंत आले होते.

मीही तो पाहिला होता. हे लक्षात ठेवा. मी पोरसवदा असताना त्याच्या छातीत साचलेल्या पाण्यात बेडकाची पिल्लं धरली होती.

पुढे सड्यावरचा आमचा तुकडा मी कलमांखाली आणायचा ठरवला. कातळावर हापूस लावायचा तर खड्डे फोडावे लागतात, बाहेरून माती आणून भरावी लागते. फोडायचं यंत्र घेऊन आलेला माणूस कर्नाटकातला होता. एका खड्ड्याच्या जागी थांबून त्याने मला हाक मारली. इथे काहीतरी कोरलंय, काय करू म्हणाला. मी बघितलं. ओळी चुकल्या तर कलमं वाकडी दिसतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. फोड म्हणालो. दोन खड्डे निजलेल्याच्या अंगातच बसले, एक पोटात आणि एक मांड्यांत. उरलेल्यावर लाल माती पसरली.

त्याबद्दल मी इथे फार बोलणार नाही. तेव्हा त्या चित्रांची किंमत आमच्याकडे कुणालाच कळलेली नव्हती, मलाही नव्हती. ती चूक होती. कबुली त्याची नाही.

आत्याचे गुडघे गेल्यापासून ती सड्यावर चढत नव्हती. कलमं लावली हे तिला माहीत होतं. नेमकी कुठे लावली, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग काही वर्षांनी पेपरात फोटो यायला लागले. कातळशिल्पं म्हणायची त्यांना. परदेशातले लोक येऊन बघून जायला लागले. रत्नागिरीतली काही माणसं सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून म्हाताऱ्यांना विचारायची – तुमच्या सड्यावर काही आहे का? ती आमच्याकडेही आली. दोन पुरुष आणि एक मुलगी, उन्हाने लाल झालेली. आत्या पडवीत शेंगा सोलत बसली होती. प्रश्न पुरता व्हायच्या आत ती उठली. "हाय ना! निजलेला हाय आमचा. चला, दावते."

मला तेव्हाच बोलता आलं असतं. पडवीतच. होता, पण माझ्या हातून फुटला – किती शब्द झाले? पण गावात बोललं जायचं की चित्र निघालं की जमीन सरकार ताब्यात घेतं. ते खरं आहे का, हे मी तपासलं नव्हतं. मी, जो सगळं तपासतो. आणि दुसरं म्हणजे लाज वाटली. त्या उन्हाने लाल झालेल्या मुलीसमोर मला अडाणी ठरायचं नव्हतं.

आत्या काठी टेकत सडा चढली. तीन ठिकाणी बसली, पण चढली. वर सगळीकडे कलमं बघून गोंधळली. मग तिने कातळातली पाण्याची तळी शोधली, तळीला पाठ करून सरळ चालत गेली, एका कलमाशी थांबली आणि काठी मातीत रोवली. "हितं."

ती बरोबर त्याच्या छातीवर उभी होती.

मातीशिवाय तिथे काही दिसत नव्हतं. त्या माणसांनी इकडेतिकडे पायाने माती सारून बघितली. आत्या कधी या झाडाकडे, कधी त्या झाडाकडे बघत राहिली. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण जमीन माझी. आणि मी – हळू आवाजात, जणू तिला ऐकू जाऊ नये म्हणून, पण ऐकू जाईल एवढ्याच मोठ्याने – म्हणालो, "वय झालंय तिचं. हल्ली होतं असं."

त्या मुलीने मोजायची टेप गुंडाळून पिशवीत ठेवली. फार सभ्य माणसं होती ती. उतरताना त्यांनी आत्याचा हात धरला.

हे पहिलं. याला निदान कारण होतं, भित्रं का असेना.

त्या दिवशीचं घरी कळलं; तिला कुणी काही बोललं नाही. पण वागणं बदललं. चहा ठेवून ती उठली की माझी बायको जाऊन गॅस बघून यायची. माझी मुलगी विचारायची, "नक्की ना, आत्याआजी?" मुंबईच्या एका माणसाने तिला श्राद्धाची तिथी विचारली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, पंचांगात एकदा बघून घेऊ. तिथी बरोबरच निघाली. पण बघितली गेली. आणि हळूहळू ती स्वतःच विचारायला लागली – गो, मी मीठ घातलं का? मीठ घातलेलं असायचं. एकदा आमटीत मीठ दोनदा पडलं. ती घटना घरात पुरावा म्हणून पुष्कळ दिवस चालली. मी त्या पुराव्यावर मान डोलावली.

मी पाहुण्यांना घेऊन कातळशिल्पं बघायला लागलो ते याच सुमारास. का, हे मला नीट सांगता येत नाही. दुसऱ्यांच्या सड्यांवर आता दगडांचा गडगा घातलेला असायचा, फलक असायचा. मी कडेला उभा राहून बरोबर माहिती द्यायचो.

एका मे महिन्यात मेहुण्याचं कुटुंब आलं आणि राजवाड्यात जायचं ठरलं. आत्याला घरी एकटी ठेवायची पद्धत तोवर बंद झाली होती, म्हणून तिलाही घेतलं. संग्रहालयाच्या एका भिंतीवर कातळशिल्पांचे मोठे फोटो लावलेले होते. मंडळी समुद्र बघायला गच्चीकडे गेली. आत्याला चालवेना, म्हणून मी तिच्याबरोबर थांबलो. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो.

ती एका फोटोसमोर उभी राहिली. दुसऱ्या कुठल्यातरी गावचा माणूस होता तो. हात अंगाशी, पाय फाकलेले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुध्या, असाच व्हता आपल्या सड्यावर." आणि अगदी हलक्या आवाजात – "की नव्हताच?"

या प्रश्नाचा मी पुष्कळ विचार केला आहे. तिथे कोण होतं? कुणी नाही. जमीन जाणार होती? नाही, तोवर मी चौकशी केली होती, तसं काही नसतं. ती मुलगी नव्हती, टेप नव्हती, लाजायला माणूस नव्हतं. ती माझ्यावर रागावलीही नसती. होता म्हणालो असतो तर तिने एवढंच विचारलं असतं की मग गेला कुठे, आणि ते ऐकून दोन दिवस अबोला धरला असता. तिसऱ्या दिवशी जेवायला वाढलं असतं.

मी म्हणालो, "नसावा, आत्या."

"मग मी निजायची कशात?"

मी म्हणालो, स्वप्नात बघितलं असशील. लहानपणीची स्वप्नं खरी वाटतात.

ती वाद घालेल असं मला वाटलं होतं. मला ते हवंही होतं बहुतेक. पण तिने मान हलवली, दवाखान्यात निदान ऐकून माणसं हलवतात तशी. पदराने चेहरा पुसला आणि म्हणाली, चल, ती पोरं वाट बघत असतील. गच्चीवर मेहुण्याने तिला खुर्ची दिली आणि विचारलं, काय काय बघितलंत आत्याबाई? ती म्हणाली, काय बघायचं बाबा, माझ्या काय ध्यानात ऱ्हात नाय आता.

भीतीने माणूस खोटं बोलतो हे मला समजतं. त्या खोलीत मी का बोललो? एकदा नोंदवलेलं बदलायचं नाही, एवढ्यासाठी? मला उत्तर माहीत नाही. शोधलं नाही असं नाही.

पुढच्याच वर्षी पुन्हा कोणीतरी विचारत आलं, दुसरी माणसं, कॉलेजची. आत्या पडवीतच होती. मी आतून बाहेर येईपर्यंत तिने त्यांना बसायला सांगितलं होतं, पाणी दिलं होतं. ती त्यांना हसून सांगत होती, "आमच्याकडं काय नाय बाळांनो. मला मेलीला भास व्हतो." मग तिने माझ्याकडे बघितलं, बरोबर सांगितलं ना, अशा नजरेने.

मी म्हणालो, "बरोबर."

आत्या गेली त्याला आता काही वर्षं झाली. झोपेत गेली, त्रास झाला नाही. शेवटच्या महिन्यात डॉक्टर घरी आले होते तेव्हा त्यांनी तिला गप्पा मारता मारता बरंच काही विचारलं – वार, नावं, कोण कुणाचं कोण. दर उत्तरानंतर ती माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवली की पुढचं बोलायची. एकही उत्तर चुकलं नाही. तिची आठवण शेवटपर्यंत शाबूत होती. तिला ते माहीत नव्हतं.