लुगड्यात बांधलेले डबे

सांगलीहून मुंबईला जाताना एसटीत ती बाई शेजारी होती. लेक अमेरिकेत बाळंत व्हायची, जवळ दुसरं कुणी नाही, म्हणून निघालेली. खंडाळ्याला गाडी थांबली तशी तिनं बॅग पुन्हा लावायला काढली. डिंकाचे लाडू, हळद, बाळंतशोप. प्रत्येक डबा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला. मी मिलिटरीतला गडी. सामान भरणं मला कुणी शिकवू नये.

म्हटलं, "आवं बाई, वजन वाढतंय. कागदात गुंडाळा की!"

तिनं एक तुकडा गालाला लावला. "कागुद तिथं फेकून देत्याल, भाऊ. ह्याची दुपटी व्हतील. मला म्हागारी यावंच लागंल. ही तरी ऱ्हातील तिच्यापाशी."

माझी हार मला लय जड जाते. तरी सगळ्या डब्यांच्या गाठी मी आवळून दिल्या. गाडी सुटल्यावर डुलकी लागली, आणि परमुलखातलं एक तान्हं पोर त्या मऊ लुगड्यात निजलेलं दिसत राहिलं.