घरच्या आक्का

पदार्थविज्ञान विभागात नवा प्राध्यापक रुजू झाला की त्याला आक्कांकडे पाठवायचं, ही पद्धत कुणी पाडली कुणास ठाऊक. आक्का काही कुणाच्या बहीण नव्हत्या. तिथल्या सगळ्यांत जुन्या अध्यापिका, एवढंच. नवख्याच्या तासाला त्या मागे जाऊन बसायच्या आणि नंतर जिन्यात गाठून विचारायच्या, "आवाज ठीक आहे. पण तू शिकवतोस कुणाला, पोरांना की भिंतीला?"

एक जण तर पहिल्याच तासाला घामाघूम होऊन बाहेर आला. राजीनाम्याची भाषा करू लागला. आक्कांनी त्याला रिकाम्या प्रयोगशाळेत नेलं आणि रोज संध्याकाळी त्याचा दुसऱ्या दिवशीचा तास आधी स्वतः ऐकला. घरी नवरा म्हणायचा, "सगळ्यांना उभं करशील आणि तू बसशील तिथेच." झालंही तसंच. आक्कांचं संशोधन मागे पडलं, बढती हुकली. तो मात्र पुढे विभागप्रमुख झाला.

मग विद्यापीठाने नव्या प्राध्यापकांसाठी रीतसर मार्गदर्शक नेमायचं ठरवलं. उद्घाटनाला विभागप्रमुख माइकवरून म्हणाले, "आमच्या वेळी हात धरणारं कुणी नव्हतं. पडत-धडपडत शिकलो." टाळ्या पडल्या. मार्गदर्शकांत आक्का नव्हत्या. बढती मिळालेल्यांनाच घेतलं होतं.

चहाच्या वेळी आक्कांनी त्याला गाठलं. "कुणीच नव्हतं का रे?"

तो ओशाळला. "आक्का, तुम्ही तर घरच्याच. तुमचं नाव काय घ्यायचं?"

पुढच्याच आठवड्यात नुकतीच लागलेली एक मुलगी आक्कांच्या दाराशी आली. "मॅडम, वर्ग आवरत नाही. एकदा येऊन बसाल?"

"तुला मार्गदर्शक नेमलेत ना? त्यांना विचार."

"ते भेटतच नाहीत."

"मग विभागप्रमुखांना सांग," म्हणत आक्कांनी पेपर तपासायला ओढले.

शेजारच्या वर्गात पोरांनी तिची उडवलेली हुर्यो भिंतीतून ऐकू यायची. एकदा आक्का उठून दारापर्यंत गेल्याही. पण हात कडीवरच राहिला.

सत्र संपायच्या आत मुलीने नोकरी सोडली. जाताना सगळ्यांचा निरोप घेतला, आक्कांचाही, अगदी हसून.

"हल्लीच्या पोरांत दमच नाही," विभागप्रमुख म्हणाले.

आक्का त्याच्यावर तुटूनच पडणार होत्या. पण कुठल्या तोंडाने? तिचे उरलेले तास त्यांच्याच गळ्यात पडले, आणि त्यांनी ते मुकाट्याने घेतले.